पावले मोजण्याआधी

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या वसाहतीजवळच्या एका शाळेच्या मैदानावर चौदा वर्षांखालील मुलींचे बास्केटबॉलचे सामने होते. ठरलेल्या दोन पंचांपैकी एक जण आजारी पडला. महाविद्यालयात असताना आम्ही हा खेळ खेळलो होतो, एवढ्या भांडवलावर क्रीडाशिक्षकांनी आमच्या गळ्यात शिट्टी अडकवली. शेवटचे अर्धे मिनिट उरले होते. एका मुलीने धावता धावता सहकारी खेळाडूचा पास पकडला. ठप, ठप, ठप असे पाय वाजले, तिने उडी घेतली आणि चेंडू रिंगणातून खाली आला. आम्ही शिट्टी वाजवली, हात वर केला, मग दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवल्या. ही ‘ट्रॅव्हलिंग’ची खूण. बास्केट रद्द झाली. तिचा संघ एका गुणाने हरला.

मुलीने वाद घातला नाही. सामना संपल्यावर मात्र ती आली आणि तिने एकच प्रश्न विचारला : “सर, तुम्ही पहिलं पाऊल कुठलं धरलंत?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही तीन पाय मोजले होते, पण मोजणी कुठून सुरू केली, हे आम्हालाच ठाऊक नव्हते. त्या रात्री एका पालकाने मोबाईलवर घेतलेले चित्रण आम्ही एकेक चौकट पुढे सरकवत पाहिले. चेंडू तिच्या हातात स्थिरावला तेव्हा तिचा उजवा पाय आधीच जमिनीवर होता. त्यानंतर डावा, मग उजवा, मग उडी. तिची बास्केट नियमाला धरून होती. चूक आमची होती.

अशी चूक का होते, आणि ती कमी कशी करता येईल, हा या लेखाचा विषय आहे. शाळाशाळांतून होणाऱ्या सामन्यांत अनेकदा शिक्षकच पंच असतात, म्हणून तो येथे मांडावासा वाटला. त्यातले विज्ञान मात्र मैदानापुरते मर्यादित नाही.

नियम कशासाठी?

हा खेळ एका शिक्षकाने वर्गासाठी तयार केला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफिल्ड येथे वायएमसीएची प्रशिक्षण शाळा होती. १८९१ च्या हिवाळ्यात तेथील तीस वर्षांचे शिक्षक जेम्स नेस्मिथ यांच्यावर एक काम सोपवण्यात आले. बाहेर बर्फ असताना बंद सभागृहात खेळता येईल, आणि ज्यात हातपाय मोडणार नाहीत, असा खेळ शोधायचा होता. नेस्मिथ यांनी विचार केला तो असा : फुटबॉल-रग्बीसारख्या खेळांत दांडगाई होते, कारण चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडावे लागते. चेंडू घेऊन पळण्यालाच बंदी केली, तर पाडण्याचे कारणच उरत नाही. त्यांच्या मूळ तेरा नियमांतला तिसरा नियम हाच होता. चेंडू जेथे पकडला, तेथूनच तो फेकला पाहिजे.

म्हणजे ट्रॅव्हलिंगचा नियम हा खेळाला नंतर जोडलेला बारकावा नव्हे. तो या खेळाचा पाया आहे. पण त्याच तिसऱ्या नियमात नेस्मिथ यांनी एक सवलतही ठेवली होती. वेगात धावताना चेंडू पकडणारा खेळाडू थांबण्याचा प्रयत्न करत असेल, तर ते लक्षात घ्यावे. ही सवलत त्यांना का द्यावी लागली, हे आपल्या आठवी-नववीच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. कारण आहे जडत्व.

थोडे ढोबळ गणित करू. एक मुलगी सेकंदाला ४ मीटर वेगाने धावते आहे आणि तिचे एक पाऊल १.२ मीटरचे आहे. म्हणजे ती सेकंदाला तीनहून थोडी अधिक पावले टाकते. एका पावलाला सुमारे ०.३ सेकंद लागतात. थांबण्यासाठी लागणारे मंदन म्हणजे वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट. दोन पावलांत, म्हणजे २.४ मीटरमध्ये थांबायचे तर १६ भागिले ४.८, सुमारे ३.३ मीटर प्रति सेकंद वर्ग. हे गुरुत्वत्वरणाच्या एक तृतीयांश झाले. तेवढे घर्षण साध्या बुटाला साध्या मैदानावर मिळते. एकाच पावलात थांबायचे तर मंदन दुप्पट, गुरुत्वत्वरणाच्या दोन तृतीयांश. यासाठी चांगला बूट आणि स्वच्छ जमीन हवी. आणि पकडल्या जागी, समजा २५ सेंटिमीटरमध्ये थांबायचे, तर गुरुत्वत्वरणाच्या तिप्पट मंदन लागेल. कोणताही बूट ते देणार नाही. मुलगी तोंडावर पडेल.

आजचा नियम दोन पावले देतो, तो मेहेरबानी म्हणून नव्हे. धावणाऱ्या शरीराला थांबायला तेवढी जागा लागतेच. आपल्याकडच्या कितीतरी शाळांची मैदाने सिमेंटची किंवा मातीची असतात. त्यांवर धुळीचा थर असला की घर्षण आणखी कमी होते आणि टेकलेला पाय सरकतो. म्हणून सामन्याआधी मैदान झाडून घेणे हे ट्रॅव्हलिंग कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

नियम काय सांगतो?

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या नियमांत याचे दोन भाग पडतात.

पहिला भाग उभ्या खेळाडूचा. दोन्ही पाय जमिनीवर असताना चेंडू मिळाला, की ज्या क्षणी एक पाय उचलला जातो त्या क्षणी दुसरा पाय ‘पिव्होट’ ठरतो. कंपासपेटीतल्या कर्कटकाचे टोक जसे कागदावर रोवलेले असते, तसा हा पाय. दुसरा पाय हव्या त्या दिशेला, हव्या तितक्या वेळा टाकता येतो; रोवलेल्या पायाने जागेवर गिरकी घ्यावी, पण जागा सोडू नये. येथून ड्रिबल सुरू करायचे, तर पिव्होट उचलण्याआधी चेंडू हातातून सुटला पाहिजे. तो जमिनीवर आपटलेला असण्याची गरज नाही. हातातून सुटणे पुरेसे आहे. पास किंवा बास्केटचा प्रयत्न करायचा असेल, तर पिव्होटवरून उडी मारता येते, मात्र पाय पुन्हा जमिनीला लागण्याआधी चेंडू हातातून गेला पाहिजे.

दुसरा भाग धावत्या खेळाडूचा, आणि घोळ होतो तो येथेच. धावताना चेंडू पकडला किंवा ड्रिबल संपवले, तर दोन पावले मिळतात. प्रश्न असा की पहिले पाऊल कोणते? १ ऑक्टोबर २०१७ पासून फिबाच्या नियमात हे स्पष्ट करण्यात आले. चेंडूवर ताबा मिळाल्यानंतर जो पाय जमिनीला टेकतो, ते पहिले पाऊल. ताबा मिळताना जो पाय आधीच जमिनीवर असेल, तो मोजणीत धरायचा नाही. पंच त्याला ‘शून्य पाऊल’ म्हणतात.

आता दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहू.

पहिला प्रसंग : उजवा पाय जमिनीवर असताना चेंडू हातात आला. उजवा शून्य, डावा एक, उजवा दोन, उडी. नियमाला धरून.

दुसरा प्रसंग : दोन्ही पाय हवेत असताना चेंडू हातात आला. मग उजवा एक, डावा दोन, उजवा तीन. ट्रॅव्हलिंग.

दोन्ही प्रसंगांत पाय पडण्याचा क्रम एकच आहे : उजवा, डावा, उजवा. दोन्हींत तीन वेळा ठप असा आवाज होतो. फरक एवढाच की पहिल्या ठपच्या किंचित आधी चेंडू हातात आला, की किंचित नंतर. हा ‘किंचित’ सेकंदाच्या काही शतांशांचा असतो. तेव्हा ट्रॅव्हलिंगचा निर्णय म्हणजे पावले मोजणे, हा समजच चुकीचा आहे. खरा प्रश्न असतो, हात आधी की पाय आधी?

व्हर्नियर कॅलिपरने मापन शिकवताना आपण विद्यार्थ्यांना बजावतो, की आधी शून्य त्रुटी तपासा. शून्यच चुकले तर पुढचे वाचन कितीही काळजीपूर्वक घेतले, तरी उत्तर चुकणार. आम्ही त्या दिवशी नेमके हेच विसरलो होतो.

डोळ्याच्या मर्यादा

पंच खेळाडूपासून ५ मीटरवर उभा आहे असे समजू. चेंडू पकडणारे हात जमिनीपासून सुमारे १ मीटर उंचीवर, आणि पाय जमिनीवर. या दोहोंमध्ये पंचाच्या डोळ्याशी साधारण ११ अंशांचा कोन होतो. आता हात लांब करून अंगठा समोर धरा. अंगठ्याच्या नखाएवढा भाग, म्हणजे सुमारे २ अंश, एवढीच जागा आपल्याला एका वेळी स्पष्ट दिसते. दृष्टिपटलावरचा सर्वांत तीक्ष्ण दृष्टीचा खळगा तेवढ्याच भागाला पुरतो. बाकीचे दृश्य धूसर असते. डोळा सतत इकडेतिकडे उड्या मारत असल्याने आपल्याला ते जाणवत नाही इतकेच.

म्हणजे हात आणि पाय एकाच वेळी स्पष्ट दिसणे पंचाला शक्यच नाही. मग तो काय करतो? आधी हाताकडे पाहतो, नंतर पायाकडे. पण नजर हलवण्याचा निर्णय होऊन डोळा हलू लागेपर्यंत सुमारे ०.२ सेकंद जातात, आणि प्रत्यक्ष उडीला आणखी सुमारे ०.०५ सेकंद. एकूण पाव सेकंद. एक पाऊल ०.३ सेकंदाचे! नजर पायावर पोहोचेपर्यंत जवळजवळ एक पाऊल पडून गेलेले असते. शिवाय डोळ्याच्या उडीदरम्यान मेंदू दृश्य जवळजवळ बंदच ठेवतो. हे आरशासमोर पडताळता येते. आरशात आपल्या डाव्या डोळ्याकडे पाहा, मग उजव्या डोळ्याकडे, पुन्हा डाव्या. स्वतःचे डोळे हललेले आपल्याला कधीच दिसत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या मित्राला मात्र ते स्पष्ट दिसतात.

मधली ही पोकळी मेंदू अंदाजाने भरतो आणि तो अंदाज आपल्याला ‘पाहिल्यासारखा’ वाटतो. म्हणून चुकलेला पंचही शपथेवर सांगतो, की मी डोळ्यांनी पाहिले.

ग्रीनिचचा साहाय्यक

दोन घटनांपैकी आधी कोणती, हे ठरवण्याच्या कामात एका माणसाची नोकरी गेली होती. इंग्लंडमधील ग्रीनिच वेधशाळेत तारा दुर्बिणीतल्या तारेवरून केव्हा सरकतो, याची वेळ घड्याळाचे ठोके कानाने ऐकत नोंदवावी लागे. डोळ्याने तारा, कानाने ठोका, आणि त्यावरून सेकंदाचा दहावा भाग अंदाजायचा. प्रमुख खगोलशास्त्रज्ञ मॅस्केलाइन यांच्या लक्षात आले, की डेव्हिड किनब्रुक या साहाय्यकाच्या नोंदी त्यांच्या स्वतःच्या नोंदींपेक्षा उशिराच्या येतात. हा फरक ०.८ सेकंदांपर्यंत वाढला, आणि १७९६ मध्ये त्यांनी किनब्रुकला कामावरून दूर केले. सुमारे पंचवीस वर्षांनी जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी स्वतःच्या नोंदी इतर निष्णात निरीक्षकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. तेव्हा दिसून आले, की निष्णातांतही असा फरक असतोच, आणि तो बराचसा ठरावीक असतो. किनब्रुक निष्काळजी नव्हता. दोन संवेदनांचा मेळ घालताना प्रत्येक मेंदू आपापल्या पद्धतीने मागेपुढे होतो.

पुढे मानसशास्त्रज्ञांना यामागचे एक कारण सापडले. ज्या गोष्टीकडे आपले लक्ष आधीपासून लागलेले असते, ती प्रत्यक्षापेक्षा थोडी आधी घडल्यासारखी वाटते. हा फरक सेकंदाच्या काही शतांशांचा असू शकतो. आपल्या प्रश्नातला ‘किंचित’ही तेवढाच होता!

यावरून आमची चूक उलगडते. पास हवेत असताना आमचे सारे लक्ष चेंडूवर होते. त्यामुळे चेंडू हातात येणे आम्हाला आधी घडल्यासारखे वाटले आणि पाय टेकणे नंतर. जे शून्य होते, ते आम्ही एक धरले. उलट, ज्या पंचाची नजर केवळ पायांवर खिळलेली असते, त्याला पाय आधी टेकल्यासारखा वाटेल आणि तो खरे ट्रॅव्हलिंग सोडून देईल. दोघेही प्रामाणिक आणि दोघेही चुकलेले.

मग पंचाने काय करावे?

एक, शून्य आधी ठरवावे. उभ्या खेळाडूला चेंडू मिळताच पिव्होट कोणता हे मनात नोंदवावे : डावा, की उजवा. ही सवय सरावाने अंगवळणी पडते. पिव्होट ठाऊक नसताना वाजवलेली शिट्टी ही केवळ शंका असते.

दोन, धावत्या खेळाडूच्या बाबतीत नजर एका ठिकाणी स्थिर ठेवावी. हात आणि पाय यांच्या मध्ये, मांडीच्या आसपास नजर ठेवली तर दोन्ही टोके पाच-सहा अंशांवर येतात. कडेची दृष्टी धूसर असली तरी हालचाल टिपण्यात तरबेज असते. उड्या मारणाऱ्या नजरेपेक्षा स्थिर नजर बरी. खेळाडूच्या अगदी जवळ जाण्याचा मोहही टाळावा. अंतर वाढले की कोन कमी होतो. जागा अशी घ्यावी की पकडणारे हात आणि पाय दोन्ही बाजूने दिसतील. पाठीमागून हात दिसतच नाहीत.

तीन, कानाची मदत घ्यावी. तळहातांवर चेंडू आपटल्याचा आवाज आणि बूट टेकल्याचा आवाज, हे दोन्ही एकाच इंद्रियाने आणि जवळजवळ सारख्याच अंतरावरून येतात. ध्वनीला ५ मीटर यायला सुमारे ०.०१५ सेकंद लागतो, पण दोन्ही आवाजांना तो सारखाच लागत असल्याने क्रम बदलत नाही. काळाचे बारकावे टिपण्यात कान डोळ्यापेक्षा तल्लख असतो. ड्रिबल संपवताना चेंडू अलगद हातात येतो, तेव्हा मात्र ही युक्ती चालत नाही.

चार, विचित्र दिसणे म्हणजे बेकायदा असणे नव्हे. हे गैरसमज वारंवार आढळतात :

– ड्रिबलच्या दोन टप्प्यांमध्ये चेंडू हाताला लागलेला नसताना खेळाडू कितीही पावले टाकू शकतो.

– हातातून निसटणाऱ्या चेंडूमागे धडपडत धावणे हे ट्रॅव्हलिंग नाही. ताबाच नाही, तर मोजणी कसली?

– चेंडू धरून पडणे आणि पडल्यावर घसरत जाणे चालते. चेंडू धरूनच लोळणे किंवा उठून उभे राहण्याचा प्रयत्न करणे चालत नाही.

– एक पाऊल डावीकडे आणि दुसरे उजवीकडे टाकून बचावपटूला चकवणे नियमात बसते. मात्र चेंडू धरून त्याच पायावर लंगडी घालता येत नाही.

दोन प्रकारच्या चुका

तरीही शंका उरतेच. मग शिट्टी वाजवावी की नाही?

कोणत्याही परीक्षणात दोन प्रकारच्या चुका संभवतात : नसलेला दोष दिसणे आणि असलेला दोष न दिसणे. रोगनिदानात त्या असतात, उत्तरपत्रिका तपासतानाही असतात. एक कमी करू गेले की दुसरी वाढते. म्हणून कोणती चूक अधिक महाग, हे आधी ठरवावे लागते. ट्रॅव्हलिंगला फ्री थ्रो नसतो. चेंडू विरुद्ध संघाला जवळच्या जागेवरून आत टाकण्यासाठी मिळतो. सुटलेल्या ट्रॅव्हलिंगमुळे खेळाडूला थोडा गैरफायदा मिळतो. चुकीच्या शिट्टीमुळे मात्र घडलेली चांगली गोष्ट पुसली जाते आणि नुकतीच योग्य रीतीने शिकलेली हालचाल चूक होती, असे मुलीच्या मनात रुजते. आमचे मत असे, की शालेय सामन्यांत शून्य नक्की ठाऊक नसेल, तर शिट्टी ओठांतच ठेवावी.

याचा अर्थ सगळेच सोडून द्यावे असा नाही. लहान मुले ड्रिबल सुरू करताना पुढे झुकतात, पिव्होट आधी उचलला जातो आणि चेंडू मागाहून सुटतो. चेंडू हातात धरून उडी मारतात आणि तसाच घेऊन खाली येतात. या चुका स्वच्छ दिसतात. त्या बाराव्या वर्षी दाखवल्या नाहीत, तर सोळाव्या वर्षी मोडत नाहीत. अशा वेळी शिट्टी वाजवावी, आणि वाजवल्यावर चार शब्द सांगावेत : “पाय आधी उचललास, चेंडू नंतर सोडलास.” कारण सांगता येत नसेल, तर शिट्टी चुकली असण्याची शक्यता मोठी, ही स्वतःची परीक्षाही त्यातच होते.

करून पाहा

क्रीडाशिक्षक आणि विज्ञानशिक्षक यांनी मिळून एका तासात करण्याजोगा हा प्रयोग आहे. एका विद्यार्थ्याने धावत येऊन पास पकडायचा आणि ले-अप मारायचा. असे वीस प्रयत्न करावेत. बाजूला ५ मीटरवर निरीक्षकांचे दोन गट उभे करावेत. पहिल्या गटाने फक्त हातांकडे लक्ष द्यायचे, दुसऱ्याने फक्त पायांकडे. प्रत्येकाने न बोलता वहीत लिहायचे : ‘चेंडू आधी’ की ‘पाय आधी’. त्याच वेळी मोबाईलवर चित्रण करावे. साध्या चित्रणात सेकंदाला ३० चौकटी असतात, म्हणजे दोन चौकटींमध्ये ०.०३३ सेकंद जातात. मोबाईलमध्ये सेकंदाला २४० चौकटींची संथगतीची सोय असेल, तर हेच अंतर ०.००४ सेकंदावर येते.

नंतर चित्रणावरून खरा क्रम ठरवून तक्ता करावा. दोन्ही गटांच्या चुका एकाच बाजूला झुकतात का? घटनांमधले अंतर कमी होत जाते तशा चुका वाढतात का? गटांनी जागा बदलल्यावर कल बदलतो का? मोबाईलच्या चौकटीही काही वेळा निर्णय देत नाहीत, हे मुलांच्या लक्षात आले तर उत्तमच. उपकरणालाही मर्यादा असतात.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्या शाळेत गेलो आणि ते चित्रण मुलीला आणि तिच्या शिक्षकांना दाखवले. निकाल बदलणार नव्हता, हे तिलाही माहीत होते. उजवा पाय जमिनीवर आणि चेंडू दोन्ही हातांत, त्या चौकटीवर आम्ही थांबलो आणि म्हणालो, “हे तुझं शून्य.” तिने ती चौकट दोनदा मागेपुढे करून पाहिली. मग म्हणाली, “म्हणजे मी तसंच मारत राहू ना?”

आपल्या शाळेत वरील प्रयोग केल्यास त्याचे तक्ते आमच्याकडे जरूर पाठवावेत.